चालढकलीवर पिग्मीचा उपाय: रोज थोडं थोडं करून अडकलेली कामं कशी काढायची

वडील जाऊन वर्ष होत आलं तरी शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावं लागलेली नाहीत, पीयूसीचं (अकरावी-बारावीचं) मॅथ्सचं पुस्तक जूनपासून कोरं करकरीत आहे, आईची शुगर तपासायची ती गेल्या दिवाळीपासून नुसती बोलण्यातच आहे, आणि कन्नड लिहायवाचायला शिकायचं तर नोकरी लागली त्या दिवसापासून ठरलेलं आहे. बेळगाव घ्या, खानापूर घ्या, निपाणी घ्या, कुठल्याही घरात असली चारदोन कामं लोंबकळत असतातच, आणि विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "बघूया की उद्या."

यावर घरातली मोठी माणसं एका शब्दात निकाल लावतात, आळशी. पण मला हे कधीच पटलेलं नाही. तोच पोरगा गणपतीत महिनाभर वर्गणी गोळा करत गल्लीबोळ फिरतोय, मंडपाचे बांबू उचलतोय, विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभा असतोय. आळशी माणसाला हे जमेल काय? तीच सून पहाटे उठून तीन डबे भरून देते पण ब्लाउज शिलाईचा कोर्स लावायचा फॉर्म मात्र सहा महिने पर्समध्येच. म्हणजे अंगात बळ आहे, वेळही कुठूनतरी निघतोय, फक्त ठराविक कामाजवळ गेलं की पाय मागं सरतोय.

यावर अभ्यास करणाऱ्या लोकांचंही साधारण हेच म्हणणं आहे. कॅनडातले टिमोथी पिचिल आणि त्यांच्याबरोबर फ्युशिया सिरॉइस यांनी २०१३ मध्ये मांडलं की चालढकल हा घड्याळाचा प्रश्न कमी आणि मनाचा जास्त. काम समोर आलं की पोटात काहीतरी होतंय, भीती म्हणा, कंटाळा म्हणा, लाज म्हणा, आणि आपण कामापासून नाही तर त्या वाटण्यापासून पळतो. मोबाइल हातात घेतला की लगेच बरं वाटतंय. बिल नंतर येतं, पण ते उद्याच्या माणसाच्या नावावर, आजच्याला काय त्याचं. म्हणून नवीन डायरी आणून, रंगीत पेनांनी टाइमटेबल आखून काही होत नाही. टाइमटेबलमुळे वेळ कळते, पोटातला गोळा तसाच राहतो.

मग करायचं काय? तर पिग्मी आठवा.

आपल्याकडं पिग्मी म्हणजे काय हे सांगायला नको, बाजारात दुकान असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सोसायटीचा एजंट संध्याकाळी दारात येतो, पन्नास शंभर जे असेल ते घेतो, नोंद करतो, जातो. ही पद्धत आपल्याच कर्नाटकातल्या उडुपीची, १९२८ मध्ये त्या वेळच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली आणि सुरुवातीला दिवसाला दोन आणे भरले तरी चालायचे. वर्षाला एकदम वीस हजार काढून ठेव म्हटलं तर भाजीवाली मावशी हसेल, पण रोज पन्नासप्रमाणं वर्षाला अठरा हजाराच्या वर तिनं न कळत भरलेले असतात. असं का होतंय ते नीट बघा. रक्कम इतकी लहान की नाही म्हणायला कारण सापडत नाही. वेळ ठरलेली. बँकेत जावं लागत नाही, बँकच दारात येते. कुणीतरी येतोय म्हणून टाळता येत नाही. आणि पुस्तकावर आकडा वाढताना दिसतो. खाली जे सांगतोय ते सगळं यातूनच निघतंय, फक्त पैशाच्या जागी काम.

आधी यादी, पण कारणासकट

एक कागद घ्या, मोबाइलमध्ये नको. लोंबकळणारी सगळी कामं लिहा, आणि प्रत्येकापुढं लिहा की हे नको का वाटतंय. खरं कारण लिहा, "वेळ नाही" हे उत्तर चालणार नाही. बहुतेक कामं तीन गटांत पडतात. काही कामांत पहिलं काय करायचं हेच कळत नसतं. काही कामांची भीती किंवा लाज असते. आणि काही निव्वळ कंटाळवाणी असतात, वीजबिल, इन्शुरन्सचा हप्ता, स्कूटरचं सर्व्हिसिंग असली.

हे वेगळं करायचं कारण असं की प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. न कळणाऱ्या कामाला अजून जोर लावून उपयोग नाही, तिथं कुणालातरी विचारायचं असतंय. विचारणं हेच त्या दिवसाचं काम. कंटाळवाण्या कामाला खास उपाय लागत नाही, ते दुसऱ्या आवडत्या गोष्टीला बांधून टाकलं की होऊन जातं, त्याच्याकडं पुढं येतो. भीतीच्या कामाला मात्र जपून हात घालावा लागतो.

वारसा नोंदीचंच घ्या. कागदावर बघितलं तर काम सोपं आहे, मृत्यूचा दाखला, वंशावळ, सगळ्यांची आधार कार्डं, जुना उतारा, आणि नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसात, अर्ज. पण किती घरांत हे वर्षानुवर्षं पडून असतं. का? एकतर भावाबहिणींशी बोलावं लागणार, ते कुणाला नको असतं. आणि दुसरं म्हणजे तो दाखला हातात घेतला की वडील गेले हे परत एकदा खरं होतं, ते कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. अशा माणसाला "अरे एका दिवसाचं काम आहे, उरकून टाक की" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला एका दिवसाचं काम नकोच आहे, त्याला पाच मिनिटांचं काम द्या. पहिल्या दिवशी फक्त दाखला कुठं आहे ते शोधून टेबलावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी येताजाता दोन झेरॉक्स. तिसऱ्या दिवशी जमिनीच्या नोंदींच्या सरकारी 'भूमी' साइटवर उतारा उघडून सर्व्हे नंबर बरोबर आहे का आणि नावाचं स्पेलिंग काय पडलंय तेवढं बघायचं. चौथ्या दिवशी बहिणीला फोन, तोही "आधारची झेरॉक्स पाठव" एवढ्यापुरताच, वाटणीचा विषय त्या फोनवर काढायचा नाही. नाडकचेरीची पायरी चढायच्या दिवशी फाइल तयार असते आणि मनही बऱ्यापैकी तयार झालेलं असतं.

एकच काम उचला

यादी झाली की हुरूप येतो आणि माणूस सोमवारपासून पाच सवयी एकदम लावतो. पहाटे फिरणं, इंग्लिश, डायट, वाचन, बचत. आठवड्यात पाचही बंद. कृपा करून एकच घ्या. कुठलं घ्यायचं? जे सगळ्यात महत्त्वाचं ते नव्हे, जे रोज थोडं थोडं करता येतं ते. इन्कम टॅक्सचा रिटर्न ही सवय होत नाही, ते एकदाचं काम. अभ्यास, भाषा शिकणं, हिशोब लिहिणं, चालणं, कागदपत्रांना रोज पाच मिनिटं देणं, यांच्या सवयी होतात. एकदाच्या कामांसाठीही "रोज पाच मिनिटं फाइल" अशी एक सवय लावता येते, मग त्या पाच मिनिटांत आज उतारा, पुढच्या महिन्यात रिटर्न, काहीही घाला.

दोन आणे एवढं लहान करा

इथं बहुतेक लोक चुकतात. "रोज एक तास कन्नड" हे लहान नव्हे. "रोज पंधरा मिनिटं" हेसुद्धा सुरुवातीला लहान नव्हे. दुसऱ्याला सांगायला लाज वाटली पाहिजे इतकं लहान पाहिजे. ताप असताना, पाहुणे आलेले असताना, लाइट गेलेली असताना जे करता येईल ते माप धरा.

कन्नडचंच उदाहरण पूर्ण करतो, कारण इथल्या मराठी माणसांत हे दुखणं घराघरात आहे. बोलता येतंय, बाजारात भाव करता येतोय, शेजाऱ्याशी भांडता येतंय, पण अक्षर दिसलं की डोळ्यांपुढं जिलब्या. आणि आता या वयात अ आ इ गिरवायचं म्हणजे लाज. तर माप असं, रोज एक अक्षर. कन्नडची वर्णमाला ४९ अक्षरांची, म्हणजे रोज एक धरलं तर सात आठवडे. क्रम आपलाच आहे, आधी स्वर, मग क ख ग घ, त्यामुळं पाठांतर वेगळं काही नाही, फक्त आकार शिकायचे. एक गंमत तेवढी लक्षात ठेवा, ए आणि ओ तिथं ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन दोन आहेत, आपल्याकडं नाहीत, तिथं गोंधळ होणारच, होऊ दे. आणि सराव कुठं करायचा तर बस स्टँडवर. बसचे बोर्ड कन्नडमध्ये असतात, पण खानापूरला जाणारी बस कुठून सुटते हे तुम्हाला आधीच माहीत असतं, म्हणजे उत्तर ठाऊक असलेलं कोडं सोडवायचं आहे. एका बोर्डावर ओळखीचं एक अक्षर सापडलं की त्या दिवसाचं काम झालं.

पीयूसीच्या पोरांसाठी माप, पुस्तक उघडून एका गणिताचा फक्त प्रश्न वहीत उतरवायचा. सोडवायचं नाही. सोडवावंसं वाटलं तर कोण अडवतंय, पण हिशोबात धरायचं नाही. शिलाई शिकणारीनं मशीनचं कव्हर काढून सुईत दोरा ओवायचा, बस. चालायचं असेल तर बूट घालून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत. आता कुणी म्हणेल की एवढ्यानं काय होतंय? पहिले दोन आठवडे कामाच्या दृष्टीनं खरंच काही होत नाही. त्या दिवसांत काम जवळ घेतलं तरी काही बिघडत नाही एवढंच मनाला पटत असतं, आणि अडलेलं तिथंच होतं. पुढं बहुतेक दिवशी प्रश्न उतरवला की हात आपोआप पुढं चालतो.

एक धोका सांगून ठेवतो. चांगल्या दिवशी माणूस दीड तास करतो आणि मग तोच आपला रोजचा दर समजतो, दुसऱ्या दिवशी दीड तास नाही म्हणून शून्य. तसं नको. दीड तास झाला तर तो वरचा, दर तोच एका अक्षराचा.

एजंट कधी येणार ते ठरवा

"वेळ मिळाला की करीन" यातला वेळ कधी मिळत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पीटर गोलविट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९९ च्या सुमाराला बऱ्याच प्रयोगांचा धांडोळा घेऊन दाखवलं की नुसता निश्चय करण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच ठरवलेल्या लोकांची कामं कितीतरी जास्त पार पडतात. कारण त्या क्षणी विचार करायची पाळीच येत नाही, ठरवणं आधीच झालेलं असतंय.

म्हणून एक वाक्य लिहून काढा. सकाळचा चहाचा कप विसळून पालथा घातला की मी वहीत एक अक्षर लिहीन. देवापुढं दिवा लावला की फाइल उघडीन. बसमध्ये सीट मिळाली की शब्दांची चिठ्ठी काढीन. आणि सीट नाही मिळाली तर? तेही लिहा, उतरल्यावर स्टँडवरच्या बाकड्यावर.

खूण निवडताना दोन गोष्टी बघा. एक, ती रोज घडली पाहिजे. ज्यांच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही त्यांनी "पाणी भरून झालं की" अशी खूण धरली तर सवय पण पाण्यासारखीच येणार. दोन, घड्याळापेक्षा घटना धरा. उद्यमबागच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला "संध्याकाळी सात वाजता" काही कामाचं नाही, या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड. त्यानं "घरी येऊन बूट काढले की" असं धरावं, बूट तर कुठल्याही शिफ्टला काढावेच लागतात. घरातल्या बायकांनी स्वतःची घटना अशी धरावी जिच्यानंतर लगेच कुणी हाक मारत नाही. जेवणं झाल्यावर लगेच नको, भांडी असतात. दुपारी मुलं शाळेत गेल्यावर दाराला कडी लावली की, हे चांगलं.

काम दारात आणा, मोबाइल दाराबाहेर

पिग्मी चालते कारण बँकेपर्यंत जावं लागत नाही. तसंच वही कपाटात, पेन मुलाच्या दप्तरात, चष्मा वरच्या खोलीत असं असेल तर दोन मिनिटांच्या कामाला दहा मिनिटांची शोधाशोध, आणि शोधताना वाटेत टीव्ही. रात्री झोपायच्या आधी दुसऱ्या दिवशीचं सामान मांडून ठेवा. वही उघडी, त्याच पानावर पेन, मशीनमध्ये दोरा ओवलेला, बूट दाराजवळ मोज्यांसकट. फाइलमध्ये पुढचं काम काय ते एका चिठ्ठीवर वरच लिहून ठेवा, म्हणजे उघडल्यावर "कुठं होतो आपण" हा विचारच नको.

मोबाइलचं उलट करायचं. तो नुसता उपडा ठेवून चालत नाही, उठून जावं लागेल असा ठेवा, दुसऱ्या खोलीत, फ्रिजवर, कुठंही. रील्स बघायच्याच नाहीत असली शपथ घेऊ नका, मोडते. आधी एक अक्षर, मग मोबाइल, एवढा क्रम पाळा. ज्यांचा अभ्यासच मोबाइलवर आहे, यूट्यूबवरचे क्लास वगैरे, त्यांनी आदल्या रात्री व्हिडिओ डाउनलोड करून सकाळी नेट बंद ठेवून बघावा. आणि वॉट्सॲपवर अभ्यासाचे ग्रुप चालवणारे जे आहेत, त्यांना एक सांगतो, नोट्सची पीडीएफ फॉरवर्ड करणं म्हणजे अभ्यास नव्हे, मला तर तो चालढकलीचाच एक सभ्य प्रकार वाटतो.

वेळ लावून बसा, पण लहान

सवय जरा रुळली की टायमर कामाला येतो. इटलीच्या फ्रान्सेस्को सिरिलो यांनी विद्यार्थी असताना १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास करायची पद्धत काढली, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, म्हणून तिला पोमोडोरो म्हणतात, इटालियनमध्ये टोमॅटो. चांगली आहे, पण २५ मिनिटं ही बसायची सवय असलेल्याला. ज्यानं दोन वर्षं पुस्तकाला हात लावला नाही त्यानं पाचापासून सुरू करावं, पुढं दहा, पंधरा. बेल वाजली की उठायचंच. मध्येच छान चाललंय म्हणून बसून राहिलं की उद्या टायमर लावतानाच मन म्हणतंय की हा पाच सांगून तासभर बसवतो.

अंदाजाबद्दल एक. आपण कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. कॅनडातच १९९४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध कधी संपेल, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्ट रिपोर्टबद्दल विचारा, तेच सांगतील. म्हणून स्वतःच्या कामाला दीडपट वेळ धरायचा, आणि सरकारी ऑफिसच्या कामाला दोन खेपा, कारण पहिल्या खेपेला सर्व्हर डाऊन, नाहीतर साहेब मीटिंगला. दोन खेपा आधीच धरल्या असल्या की पहिली फुकट गेली तरी माणूस वैतागून फाइल परत कपाटावर टाकत नाही. अर्ध्या कामांचा घात तिथंच होतो बघा.

कुणीतरी नोंद घेणारा पाहिजे

शेतीच्या कामात चालढकल का होत नाही? रोहिणी निघाली की भाताच्या धूळवाफ पेरणीची गडबड, सगळं गाव शिवारात, आपलंच रान मोकळं राहिलं तर लोक बोलणार. आभाळ थांबत नाही आणि गाव बघत असतंय. उलट भाषा शिकणं, तब्येत, हिशोब या कामांना ना नक्षत्र ना बघणारा. तो बघणारा आपणच उभा करायचा.

एक माणूस निवडा. नवरा-बायको शक्यतो नको, तिथं आठवण करून देण्याचं टोमण्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. मित्र, मैत्रीण, नणंद, आतेभाऊ, जो हसणार नाही आणि भाषणही देणार नाही असा. रोज रात्री त्याला एकच मेसेज, "झालं" किंवा "नाही झालं". कारण सांगायचं नाही, त्यानं विचारायचं नाही. त्याचंही एखादं काम अडकलेलं असेल तर बरंच, दोघांचं चालेल. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालेल्या दिवशी पेनानं एक रेघ मारा. ॲप पण आहेत याची भरपूर, पण ॲप निवडण्यात चार दिवस घालवणारे लोक बघितल्यामुळं मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या बाजूनं आहे.

कंटाळवाण्या कामाला गोड काहीतरी बांधा

अमेरिकेतला एक प्रयोग २०१४ मध्ये छापून आला होता, लोकांना रंजक ऑडिओबुक फक्त जिममध्येच ऐकायला दिलं, तर ते सुरुवातीला जास्त वेळा जिमला गेले, नंतर सुट्टी लागल्यावर परिणाम ओसरला हेही खरं. आपण हिशोबाची वही आणि आवडती गाणी एकत्र बांधू शकतो, इस्त्री आणि क्रिकेटची कॉमेंट्री, महिन्याची बिलं भरून झाली की कुंदा. फक्त कुंदा आधी आणून फ्रिजमध्ये ठेवू नका, बिलं राहतील आणि कुंदा संपेल.

खाडे पडणार, त्याची सोय आधीच

"२१ दिवसांत सवय लागते" हे सगळीकडं ऐकायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, २००९ मध्ये तो आला. एखादी साधी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागत होते, आणि माणसामाणसांत फरक केवढा तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे शेजारणीला तीन आठवड्यांत जमलं आणि तुम्हाला चार महिने लागले तर तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

आणि दिवस चुकणारच. लग्नसराई आहे, जुलैमध्ये वडगावात मंगाईची यात्रा, गणपती, रोपलागणीचे दिवस, घरात कुणी ॲडमिट. अशा दिवसांसाठी अजून लहान माप ठरवून ठेवा, अक्षर लिहायचं नाही, नुसतं कालचं बघायचं. तेही नाही झालं तर त्या दिवशी रेघ नाही, संपलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचं नाही, त्यानं काम परत डोंगराएवढं दिसायला लागतंय. स्वतःला शिव्याही द्यायच्या नाहीत, आणि हे मी गोड बोलायचं म्हणून सांगत नाही. २०१० मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. साहजिक आहे की, स्वतःला झोडपलं की काम अजून नकोसं होणार आणि नकोसं झालं की टाळणार. फक्त लागोपाठ दुसरा दिवस रिकामा जाऊ नये यावर लक्ष ठेवा, तिसऱ्या दिवशी परत सुरू करणं पहिल्यापेक्षा जड जातं.

एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीच्या घरांसाठी इथंच एक बोलतो. कर्नाटकात २०२४ पासून वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा होतात, एक्झाम वन, एक्झाम टू अशा. ज्याचा एखादा विषय राहिला त्याचं वर्ष वाचतंय, सोय उत्तम आहे. पण काही पोरांनी आत्तापासूनच "एक्झाम टूमध्ये बघूया" असं सुरू केलंय. पालकांनी यावर ओरडून काही होणार नाही. मराठी माध्यमातल्या मुलाचा कन्नडचा पेपर कच्चा असेल तर रोज रात्री जेवायच्या आधी कन्नडच्या पाच ओळी मोठ्यानं वाचायला सांगा आणि शेजारी बसा, चुका काढू नका. तुम्हालाही वाचता येत नसेल तर अजून चांगलं, तो तुम्हाला शिकवेल.

सवयीनं सुटत नाही ते

हे सगळं करूनही काही माणसांचं काहीच हलत नाही. आवडीची कामंही नकोशी झालीत, झोप उडालीय किंवा दिवसभर नुसतं पडून राहावंसं वाटतंय, आठवडे झाले तरी मन उठत नाही, तर ती चालढकल नाही, ते डिप्रेशन असू शकतं. लहानपणापासून कुठल्याच कामात लक्ष टिकत नाही, सगळं अर्धवट, वस्तू रोज हरवतात, असं असेल तर एडीएचडी असू शकतं, मोठ्या माणसांतही असतं. सतत थकवा असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. यात कॅलेंडरवरच्या रेघा कामाच्या नाहीत, डॉक्टर लागतात. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा सरकारी फोन नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, डिमहान्स, बेळगावहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आणि हे फोन करणंच जर टाळलं जात असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी नंबर लावून हातात द्यायला सांगा.

आठवड्यातून एकदा हिशोब

आठवडी बाजाराच्या दिवशी, भाजी आणून ठेवल्यावर, कागदावरची ती पहिली यादी काढा. दहा मिनिटं पुरे. किती रेघा पडल्या ते मोजा. चारपेक्षा कमी असतील तर माप मोठं झालंय किंवा खूण चुकलीय, दोन्हीपैकी एकच बदला, दोन्ही एकदम बदलले तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. पाच सहा असतील तर काही बदलू नका, तसंच चालू दे. सलग तीन आठवडे सहा सात रेघा पडल्या आणि काम करताना "आज करू का नको" हा विचारच येत नसेल, तर माप थोडं वाढवा, एका अक्षराची दोन, पाच मिनिटांची आठ. दुसरी सवय लावायची घाई त्याच आठवड्यात नको.

यादीतलं एखादं काम महिनोन् महिने कागदावर आहे आणि खरं म्हणजे तुम्हाला ते करायचंच नाही, कुणीतरी म्हणालं म्हणून लिहिलंय, गिटार शिकणं, पहाटे पाचला उठणं असलं काही, तर ते सरळ खोडून टाका. राहिलेल्या कामांतलं पाच मिनिटांत होणारं एक निवडा, त्याचं सामान रात्री मांडून ठेवा, आणि ज्याला मेसेज करायचा त्याला आत्ताच फोन करून सांगून ठेवा.